मासळीच्या टेम्पोतून मानखुर्दपर्यंत

बोरीवली आणि मुलुंड यांच्यामध्ये नकाशावर फक्त एक जंगल आहे. आमच्या कॉलेजच्या मैदानावरून पूर्वेला नॅशनल पार्कच्या टेकड्या दिसतात, आणि त्या टेकड्यांच्या पाठीमागेच मुलुंड. पण आमच्याकडचा माणूस रोज चर्चगेटला जाईल, गणपतीला कोकणात जाईल, मुलुंडला मात्र कुणाचं लग्न निघाल्याशिवाय जाणार नाही. ऐंशीच्या दशकात, मी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये होतो तेव्हा, एका हिवाळ्यात आम्हाला मुलुंड, घाटकोपर आणि मानखुर्द ही तिन्ही ठिकाणं पाहायला मिळाली. जे तिकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची टीम घरच्या मैदानावर सहसा हरत नसे. लाल मातीचं, एका बाजूला किंचित उतरतं मैदान, त्याला लागून चार मजल्यांची सोसायटी, आणि संध्याकाळी चहाचे कप घेऊन गॅलऱ्यांत उभी राहिलेली माणसं. तिथे आम्ही भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. बाहेर गेलं की मात्र आमची वाट लागायची. मी टीममध्ये आल्यापासून आम्ही बाहेर एकही मॅच जिंकलेली नव्हती. का, ते कुणाला कळत नव्हतं. कुणी म्हणे पोरं प्रवासाने थकतात, कुणी म्हणे मैदान मोठं पडतं, आणि आमचा सेंटर फॉरवर्ड हऱ्या कोळी म्हणे की कुणाची तरी नजर लागते.

त्या वर्षी आमच्या सावंत सरांनी सगळ्यांना जिमखान्यात बोलावलं. सर मूळचे मालवणकडचे. एरवी व्यवस्थित पुस्तकी मराठी बोलायचे, चिडले की मालवणीत उतरायचे.

"प्रिन्सिपलांनी स्पष्ट सांगितलंय," सर म्हणाले. "या सीझनला बाहेरची एक तरी मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षीपासून फुटबॉल बंद, मैदान क्रिकेटवाल्यांना."

"पण सर, आता उरलेल्या तिन्ही मॅच बाहेरच्याच आहेत," आमचा विंगर केतन शहा म्हणाला.

"म्हणानच तर सांगतंय, मेल्या!"

प्रवासाने थकायला नको म्हणून हऱ्याने गाडीची सोय केली. तो गोराईच्या कोळीवाड्यातला. त्याच्या काकाचा टेम्पो खाडीच्या अलीकडे उभा असे, सकाळी मासळी बाजारात पोचवून दुपारी मोकळा होई. "धुऊन घेतलाय, एकदम झकास," हऱ्या म्हणाला. धुतला होता हे खरं. पण लाकडी फळ्यांमध्ये कित्येक वर्षांचे बोंबील मुरले होते, ते एका धुण्यात निघणार नव्हते. केतनच्या घरी कांदासुद्धा येत नसे. तो पहिल्या दिवसापासून टेम्पोच्या मागच्या दांडीला धरून, तोंड बाहेर काढून उभा राहिला, आणि तिन्ही प्रवास त्याने तसेच केले.

मुलुंड

गोरेगावहून आरे कॉलनीत शिरलं की मुंबई एकदम संपते. दोन्ही बाजूंना झाडी, म्हशींचे गोठे, मध्येच दुधाचा वास. त्या वासाने टेम्पोतला वास थोडा वेळ झाकला गेला आणि केतनला जरा बरं वाटलं. पवईचं तळं उन्हात चकाकत होतं. आमचा गोलकीपर प्रभाकर फळीवर उभा राहून ते मागे पडेपर्यंत बघत होता. प्रभाकर उंच, हडकुळा मुलगा. घरचे लांजा बाजूचे, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दहिसरला भाजीचा गाळा टाकला होता. तो फारसं बोलत नसे, कारण बोलताना अडखळायचा. क, प, ह अशी अक्षरं आली की त्याचा जबडा घट्ट व्हायचा, डोळे मिटायचे, आणि शब्द निघेपर्यंत समोरच्यालाच घाम फुटायचा. म्हणून तो हसून मान हलवण्यावर भागवत असे.

मुलुंडला केतनची मासी राहायची. मॅच साडेतीनला होती आणि "दोन घास खाऊन जा" असा तिचा निरोप होता. घरात नवाकोरा रंगीत टीव्ही होता, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर, आणि जमिनीवर ओळीने मांडलेली ताटं.

"मॅच छे ने, म्हणून हलकंच केलंय," मासी म्हणाली आणि तिने ताटात उंधियो घातला. त्याच्यावर तेलाचं तळं. मग पुऱ्या, जिलब्या, कढी, परत पुऱ्या. आमच्या घरी पाहुण्याने हात आडवा केला की वाढणारा थांबतो. मासीकडे आडवा हात म्हणजे निमंत्रण होतं. हात जितका ताटाजवळ, तितकी जिलबी त्याच्यावरूनच ताटात. हऱ्याने पुऱ्यांचा डबा संपवला तेव्हा मासीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आने कहेवाय छोकरो!" ती केतनला म्हणाली. पोरगा म्हणतात तो याला.

तिथून आम्ही मैदानावर चालत नव्हे, सरपटत गेलो. आणि समोर बघतो तर गवत. पूर्ण मैदानभर हिरवंगार, कापलेलं गवत. परक्याच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चालावं तसे आम्ही जपून पाय टाकत आत गेलो. प्रभाकरने वाकून त्याच्यावरून हात फिरवला. आमच्याकडे पास दिला की चेंडू टणाटण उडत जातो. इथे तो चार पावलं जाऊन बसायचा, आणि त्याच्याजवळ आमच्याआधी मुलुंडचा पोरगा पोचायचा. तीन शून्य. तिसरा गोल झाला तेव्हा हऱ्या मधल्या वर्तुळात कमरेवर हात ठेवून ढेकर देत होता.

"उंधियून हरवल्यान तुमका," परतताना सर म्हणाले. मला सेंटर हाफ म्हणून लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तसा उंधियो मी नंतर कुठे खाल्ला नाही.

घाटकोपर

पुढच्या मॅचला सरांनी जेवणावर बंदी घातली. प्रत्येकाला केळी आणि पाण्याची बाटली, बस्स.

घाटकोपरचं ते मैदान टेकडीवर होतं. टेम्पो खाली लावून आम्ही पायऱ्या चढलो. दोन्ही बाजूंना घरं एकमेकांना टेकून उभी, दारादारात पाण्याचे निळे ड्रम, डोक्यावर वाळत घातलेल्या साड्या, कुठे रेडिओ, कुठे मिक्सर. माथ्यावर अचानक सपाटी, आणि तिच्या कडेने अख्खी वस्ती बसलेली. कडेने म्हणजे अगदी रेषेवर. थ्रो-इन घ्यायचा तर आधी दोन आज्यांना सरकायला सांगावं लागे, आणि त्या सरकत, पण मत दिल्याशिवाय नाही. "बारीक आहे रे हा. याला घरी जेवायला घालत नाहीत काय?" हे माझ्याबद्दल. मला मासीची आठवण आली.

या वेळी आम्ही बरे खेळत होतो. हाफटाइमआधी हऱ्याने डोक्याने गोल मारला. आणि मग मी एक चेंडू जोरात बाहेर टोलवला. तो आज्यांच्या वरून, साड्यांच्या वरून, उतारावरच्या एका घरासमोरच्या ड्रममध्ये जाऊन पडला. धपकन आवाज वरपर्यंत आला.

तिथला रिवाज असा की ज्याने मारला त्याने आणायचा. रेफरीने दुसरा चेंडू घेऊन खेळ सुरू केला आणि मी पायऱ्या उतरत गेलो. ड्रमची मालकीण कमरेला पदर खोचून उभीच होती.

"चेंडू देते," ती म्हणाली. "आधी माझं पाणी दे."

"काकू, मॅच चालू आहे."

"माझं पण घर चालू आहे."

तिने दोन हंडे माझ्या हातात दिले. वरती टीम दहा जणांवर खेळत होती, आणि मी पिवळ्या जर्सीत, स्टड लावलेल्या बुटांत, खालच्या नळाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठला रे तू?"

"बोरीवलीचा."

"अगं बाई! एवढ्या लांबून पाणी भरायला आलास?"

सगळी रांग हसली. पण मला पुढे सोडलं, हंडे भरून दिले, एक जण तर हंडा माझ्या डोक्यावर ठेवायलाही निघाली होती. मी दोन्ही हातांत धरून चढलो आणि शेवटच्या पायरीवर स्टड घसरून पाय मुरगळला. पाणी मात्र सांडलं नाही. ते बघून मालकीणबाई विरघळल्या. चेंडू पुसून दिलाच, शिवाय कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याला हाक मारून घोट्यावर लावायला बर्फ आणवला. सवयीने त्याने त्यावर काला खट्टा ओतला होता. माझा मोजा पुढे कधी पांढरा झाला नाही.

उरलेली मॅच मी आमच्या गोलमागे दगडावर बसून पाहिली. आणि तिथे, घोट्यातून कळा येत असताना, मला ती गोष्ट ऐकू आली. ऐकू आली म्हणजे, आलीच नाही. आमची टीम गप्प होती. घाटकोपरची पोरं सतत ओरडत होती, "डावीकडे!", "सोड!", "माणूस येतोय!" आमचे अकरा, म्हणजे दहा, तोंडाला कुलूप लावून धावत होते. केतनकडे चेंडू आला, मागून त्यांचा बॅक येत होता. आमच्या तिघांना तो दिसला, पण एकानेही केतनला सांगितलं नाही. चेंडू गेला, आणि दोन पासांत गोल झाला. थोड्या वेळाने तस्साच दुसरा. आम्ही दोन एकने हरलो.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या मैदानावर ओरडायचं काम गॅलऱ्या करत होत्या! तिसऱ्या मजल्यावरचे देसाई काका चहाचा घोट घेऊन "केतन, मागे बघ!" म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी "अरे उजवीकडे मोकळा आहे तो!" म्हणत. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या डोळ्यांनी खेळत होतो. बाहेर गेलं की आमच्यासोबत सोसायटी नसायची.

टेम्पोत मी हे सरांना सांगितलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "आणि अख्खं मैदान कुणाला दिसतं? गोलकीपरला. तो बोलला पाहिजे."

सगळ्यांनी प्रभाकरकडे पाहिलं. तो खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्या आधीच सुटलेल्या होत्या.

मधला रविवार, दहिसर

त्या रविवारी मी लंगडत दहिसरच्या बाजारात गेलो. प्रभाकरला समजवायचं असं ठरवून निघालो होतो, पण काय समजवायचं ते ठाऊक नव्हतं. स्टेशनकडून बाजाराच्या बोळात शिरलो आणि एक आवाज ऐकू आला. मोकळा, लांब, सुरातला. "मेथीऽऽ मेथी मेथी! आलं लिंबू मिरचीऽऽ! मुळा बघा, मुळाऽऽ!" गर्दीतून पुढे गेलो तर गाळ्यावर प्रभाकर. वडील वजन करत होते आणि हा, एकही अक्षर न अडकता, अर्धा बाजार दणाणून सोडत होता.

मला बघून तो एकदम थांबला.

"अरे, तू तर अडखळतच नाहीस!" मी म्हणालो.

"हे ब... बोलणं नाहीये. हे ओरडणं आहे."

"मग मैदानावर तरी दुसरं काय करायचंय?"

त्याने एका बाईला कोथिंबिरीची जुडी दिली, सुटे परत केले, आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "न... नावं अडकतात रे. के... क... केतन म्हणेपर्यंत ग... गोल होईल. आणि ह... ह..." हऱ्या काही निघाला नाही. तो लालबुंद झाला. त्याचे वडील तराजूकडे बघत राहिले.

मग प्रभाकर गाळ्यावरच्या भाजीकडे पाहू लागला. त्याने मेथीची जुडी उचलली.

"केतन," तो जुडी हलवत म्हणाला, या वेळी कसाबसा एका दमात. "हा मेथी. बारीक आणि हिरवा." मग आल्याचा वेडावाकडा तुकडा उचलला. "हा ह... हऱ्या."

"आणि मी?"

त्याने क्षणभरही विचार न करता लिंबू माझ्या हातात ठेवलं. "घ... घाटकोपरला तुझं तोंड असंच झालं होतं."

त्याचे वडील इतके हसले की तराजू डुगडुगला. तासाभरात अख्खी टीम टोपलीत बसली. आमचे दोन्ही बॅक मुळा आणि माठ झाले, हाफ लसूण, अळू. प्रभाकरने सगळे असे शब्द निवडले होते जे त्याच्या तोंडातून सरळ निघत.

मानखुर्द

मानखुर्दला जाणारा रस्ता देवनारवरून जातो. वर घारींचं छत, बाजूला कचऱ्याचा डोंगर, आणि त्यावरून येणारा वारा. मैदान खाडीच्या बाजूला, मिठाने पांढरी पडलेली टणक जमीन. म्हणजे चेंडू आमच्याकडच्यासारखाच उडणार! यजमान टीमचा कॅप्टन हसतहसत पुढे आला. "वासाची सवय नसेल तुम्हाला," तो म्हणाला. "इथे येणारे पहिला अर्धा तास नाकच धरून असतात."

"कसला वास?" हऱ्याने विचारलं. त्याने खरंच विचारलं होतं. त्या टेम्पोतून बोरीवलीहून आलेल्या माणसाला देवनार म्हणजे हवापालट होता. केतनने तर खोल श्वास घेतला.

हऱ्याची आत्या जवळच्याच कोळीवाड्यात राहायची. ती मासळी विकून टोपली तशीच घेऊन, सोबत चारपाच जणींना घेऊन मैदानावर हजर झाली. आम्हाला वाटलं, आज आपल्याही बाजूने गॅलरी आहे. पण तिच्या शेजारणीचा मुलगा समोरच्या टीमचा बॅक निघाला. "मना दोगं सारखंच," असं जाहीर करून आत्या दोघांसाठीही ओरडायला बसली.

सुरुवातीला प्रभाकरचं तोंड उघडलंच नाही. सरांनी बाहेरून खुणा केल्या, मी मागे वळून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कॉर्नरवरून त्यांनी गोल केला. आमच्या मुळ्याला मागचा माणूस दिसलाच नव्हता. प्रभाकरने जाळ्यातून चेंडू काढला आणि तो छातीशी धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

खेळ परत सुरू झाला. केतन चेंडू घेऊन पळत होता आणि शेजारणीचा मुलगा मागून येत होता.

"मेथ्याऽऽ! मागे माणूऽऽस!"

आवाज असा आला की आधी मलाच दचकायला झालं. केतन वळला, तो बॅक शेजारून सरळ निघून गेला. बायकांच्या घोळक्यातून हशा उसळला.

"लिंब्या, उजवीकडे! आल्या, वर जा, वर! मुळ्या, आत ये!"

आता तो थांबेना. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर येत होतं. समोरची पोरं गोंधळली. "अरे कोण लिंब्या? कुणाला सांगतोय हा?" त्यांचा कॅप्टन रेफरीकडे तक्रार घेऊन गेला की हे लोक कसली तरी भाजीची भाषा बोलतायत. रेफरी म्हणाला, भाजीला बंदी असल्याचं त्याच्या वाचनात नाही. आणि आत्या! ती तर उठून उभीच राहिली. तिला आमची खरी नावं माहीत नव्हती, ही मात्र लगेच पाठ झाली. "धाव रं मेथ्या! आल्या, मार! मार!" दोगं सारखंच होतं ते कधीच मागे पडलं.

हाफटाइमनंतर केतनने विंगवरून चेंडू आत टाकला, प्रभाकरची आरोळी लांबून आली, "आल्याऽऽ, डावा पाय!" आणि हऱ्याने कधी नव्हे तो डावा पाय वापरला. एक एक. दुसरा गोल माझा म्हणता येईल, पण खरं तर चेंडू माझ्या दुखऱ्या घोट्याला लागून आत गेला. मी ओरडलो ते वेदनेने. सगळ्यांना वाटलं आनंदाने.

शेवटची मिनिटं आम्ही सगळे आमच्याच गोलसमोर होतो. एकेक चेंडू अंगावर झेलत होतो, आणि मागून तो आवाज एकेकाला जागेवर उभं करत होता. आता आम्हीही ओरडत होतो, एकमेकांना, त्याच नावांनी. शेवटच्या फटक्यावर प्रभाकर आडवा झेपावला आणि चेंडू पोटाशी घेऊन त्या पांढऱ्या जमिनीवर पडून राहिला. शिट्टी वाजली. सावंत सर मैदानात धावत आले आणि काही तरी मालवणीत बोलले. ते काय होतं ते आम्हाला कळलं नाही, कारण ते रडत होते.

आत्या आम्हाला घरी घेऊन गेली. बाहेर जाळी वाळत होती, आत चुलीवर सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. केतन मासळी खात नाही हे कळल्यावर ती त्याच्याकडे काळजीने बघत राहिली. "मंग हा पोर जगला कसा?" मग तिने त्याच्यासाठी खोबरं किसलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिली.

आत्याचे यजमान खाटेवर होते. होडी ओढताना त्यांचा पाय मोडला होता, प्लास्टर मांडीपर्यंत. मैदानावरचा गलका त्यांना घरात ऐकू आला होता आणि ते तळमळत पडून होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि नेमकं प्रभाकरलाच बोट दाखवलं.

"तू रं, उंच्या. मना सगला सांग. पयल्यापासून."

हऱ्या सांगायला उठला, तसं त्यांनी त्याला हाताने बसवलं. "त्याला विचारला मी."

प्रभाकरने भाकरी ताटात ठेवली. "प..." तो म्हणाला. "प... प..." डोळे मिटले, जबडा घट्ट झाला. यजमान उशीला टेकून शांत बसले होते, त्यांना कुठे जायचंच नव्हतं. "प... पहिला गोल त्यांनी केला," प्रभाकर म्हणाला, आणि मग कॉर्नर कुठून आला, वारा कुठला होता, तो स्वतः कुठे उभा होता, हे सगळं एकेक करून सांगू लागला. अडकत, थांबत, परत सुरू होत. मध्ये एकदा त्याने खाटेच्या कडेला ताटल्या मांडून आमच्या जागा दाखवल्या. यजमान "हां... मंग?" एवढंच म्हणत होते. हाफटाइमपर्यंत पोचेतो कालवण पार निवलं. आत्याने पातेलं उचलून परत चुलीवर ठेवलं, आणि प्रभाकरने दुसऱ्या हाफसाठी ताटल्यांच्या बाजू बदलल्या.